चहाची पुडी आणि तिच्यावरील विधाने : नव्या चहाकंपनीच्या वेष्टनाचा समीक्षात्मक विचार

सारांश : नव्या चहाकंपनीसाठी नाव, बोधचिन्ह आणि वेष्टन तयार करण्याच्या कामाचा विचार सामान्यतः सौंदर्य आणि विक्री या दोनच अंगांनी केला जातो. प्रस्तुत लेखात वेष्टनावरील नाव व चित्र यांना 'विधान' मानून, त्या विधानाची जबाबदारी कोण घेतो हा प्रश्न समीक्षेच्या केंद्रस्थानी ठेवला आहे. बंद पुडीचा उगम, काही नाममुद्रांची नावे, वाघ बकरीचे बोधचिन्ह, १९४७ मधील स्वदेशी चहाचे भित्तिपत्रक आणि दार्जिलिंग चहाचे चिन्ह या उदाहरणांच्या आधारे नव्या वेष्टनासाठी काही निकष सुचविले आहेत.

बीजशब्द : चहा, नाममुद्रा, वेष्टन, बोधचिन्ह, उत्तरदायित्व, दृश्यभाषा.

१. प्रास्ताविक

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना दिला जाणारा एक परिचित स्वाध्याय आहे. एक नवी चहाकंपनी बाजारात येऊ पाहत आहे. तिच्यासाठी नाव, बोधचिन्ह आणि वेष्टन तयार करावयाचे. या स्वाध्यायाची उत्तरे एकत्र मांडून पाहिली असता त्यांतील साम्य चटकन नजरेत भरते. कपातून वर जाणारी वाफ, थेंबाचा आकार घेतलेले पान, डोंगरउतारावरील हिरव्या रांगा, पाठीवर टोपली घेतलेली हसरी स्त्री आणि मागे उगवता सूर्य, एवढ्या पाच-सहा चित्रांच्या फेरजुळणीतून बहुतेक उत्तरे सिद्ध होतात. व्यावसायिक संकल्पकांचे कामही याहून फार निराळे असते असे नाही. तेथे छपाई अधिक सफाईदार असते आणि रंग अधिक संयत असतात, इतकेच.

या चित्रांवर 'ती नेहमीची आहेत' एवढाच आक्षेप घेतला तर तो वरवरचा ठरेल. नेहमीची चित्रे लोकांना ओळखू येतात आणि दुकानाच्या फळीवर ओळखू येणे हे वेष्टनाचे पहिले काम आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. वेष्टनावरील प्रत्येक चित्र आतील वस्तूविषयी काहीतरी सांगत असते. ते जे सांगते ते खरे आहे काय, आणि खरे नसल्यास ग्राहकाने जाब कोणाला विचारावयाचा, या अंगाने चहाच्या वेष्टनाची समीक्षा आपल्याकडे फारशी झालेली नाही. ती व्हावी, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

हा प्रश्न नव्या कंपनीच्या बाबतीत अधिक तीव्र होतो, याचे कारण उघड आहे. जुन्या कंपनीच्या पुड्यामागे दोन-तीन पिढ्यांची चव उभी असते. तिचे चित्र कालबाह्य झाले तरी आठवण तिला सांभाळून घेते. नव्या कंपनीजवळ अशी आठवण नसते. चहा उकळण्यापूर्वी ग्राहकासमोर येते ते केवळ वेष्टन, आणि म्हणून त्या क्षणी वेष्टन हेच कंपनीचे एकमेव वचन असते.

२. बंद पुडी : विश्वासाचे स्थलांतर

वेष्टन हे वचन कसे झाले, हे समजण्यासाठी सुट्या चहाच्या दुकानापासून आरंभ करणे सोयीचे होईल. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत अशी दुकाने आजही आहेत. तेथे पत्र्याच्या डब्यांत वा उघड्या पेट्यांत ममरी, डस्ट आणि निरनिराळी मिश्रणे मांडलेली असतात. ग्राहक चिमूटभर चहा तळहातावर घेतो, रंग आणि दाणा पाहतो, वास घेतो; दुकानदार 'अर्धा हा, अर्धा तो' असे मिश्रण करून कागदात बांधून देतो. चहा वाईट निघाला तर ग्राहक दुसऱ्या दिवशी त्याच दुकानदारासमोर उभा राहू शकतो. या व्यवहारात कागदाच्या पुडीवर काही लिहिलेले नसले तरी चालते, कारण जबाबदारी घेणारा माणूस समोर बसलेला असतो.

बंद पुडीने हा संबंध तोडला. अर्थात तो तोडण्यास सबळ कारण होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सुट्या चहात वापरलेली पाने, इतर झाडांची पाने आणि रंगद्रव्ये मिसळण्याचे प्रकार सर्रास चालत. अशा परिस्थितीत जॉन हॉर्निमन या व्यापाऱ्याने १८२६ मध्ये मोहोरबंद पुड्यांतून चहा विकण्यास आरंभ केला. पुडीवर त्याचे नाव होते आणि आतील चहा शुद्ध व वजनात पुरा असल्याची हमी होती. म्हणजे, चहाच्या वेष्टनाचा जन्म सजावटीच्या गरजेतून झालेला नसून भेसळीच्या भयातून झालेला आहे. हॉर्निमनच्या पुडीवरील नाव ही दुकानदाराच्या ऐवजी दुसऱ्या कोणीतरी स्वीकारलेली जबाबदारी होती.

पुढे १८९० मध्ये टॉमस लिप्टन याने सिलोनमधील मळे विकत घेतले आणि आपला चहा मळ्यातून थेट किटलीत येतो, अशी जाहिरात सुरू केली. येथे एक महत्त्वाचा बदल घडला. हॉर्निमनची पुडी सांगत होती की, 'या मालाची जबाबदारी माझी.' लिप्टनची पुडी सांगू लागली की, 'हा माल त्या रम्य ठिकाणाहून आला आहे.' पहिल्या विधानात विक्रेता पुढे येतो, तर दुसऱ्यात मळा पुढे येऊन विक्रेता त्याच्या आड जातो. आजच्या बहुसंख्य वेष्टनांचे मूळ या दुसऱ्या विधानात आहे.

चहाच्या भौतिक गुणधर्माचाही येथे विचार केला पाहिजे. कोरडा चहा हवेतील ओलावा आणि शेजारच्या वस्तूंचा वास झटकन शोषून घेतो. त्यामुळे त्याला प्रकाश, हवा आणि दमट वातावरण यांपासून दूर ठेवणे भाग असते. पूर्वी पेटीच्या आत धातूच्या पत्र्याचे अस्तर लावीत; आज धातूचा मुलामा दिलेल्या बहुपदरी प्लास्टिकच्या पिशव्या हेच काम करतात. परिणामी जे वेष्टन चहाचे उत्तम रक्षण करते तेच त्याला पूर्णपणे झाकूनही टाकते. तांदूळ किंवा डाळ पारदर्शक पिशवीतून पाहून घेता येते. चहाच्या बाबतीत ग्राहकाला वरच्या चित्रावर विसंबावे लागते. संकल्पकाच्या हाती आलेली ही सत्ता मोठी आहे.

३. नाव : ओळख आणि आडपडदा

नव्या कंपनीचे पहिले विधान तिच्या नावात असते. या दृष्टीने 'ब्रुक बाँड' हे नाव उद्बोधक आहे. १८६९ मध्ये मँचेस्टर येथे आर्थर ब्रुक याने ही पेढी स्थापन केली. तिच्यात बाँड नावाचा भागीदार कधीच नव्हता; नावाला भारदस्तपणा यावा म्हणून तो शब्द जोडला गेला. मात्र इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ बांधिलकी, करार असाही होत असल्याने तो ग्राहकाला दिलेला शब्द आहे, असे स्पष्टीकरण पुढे रूढ झाले. आधी नाद आणि नंतर अर्थ, हा क्रम नाममुद्रांच्या इतिहासात वारंवार आढळतो. 'रेड लेबल', 'यलो लेबल', 'ग्रीन लेबल' या नावांची गोष्ट निराळी. ही नावे म्हणजे कागदाचे रंग होत. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही रंगावरून पुडा मागता येतो. ग्राहकाविषयीचा हा व्यवहारी आदर आजच्या अनेक नव्या नावांत दिसत नाही.

अलीकडच्या कंपन्यांपैकी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'वाहदम'चे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. भारतातील चहा थेट परदेशी ग्राहकाला विकणे हे या कंपनीचे उद्दिष्ट. तिचे नाव संस्थापकाच्या वडिलांच्या 'माधव' या नावाची रोमन अक्षरे उलट क्रमाने मांडून तयार झाले आहे. रोमन लिपीत ही उलटापालट बरोबर जमते. देवनागरीत 'माधव' उलटा लिहून 'वाहदम' मिळत नाही, कारण रोमनमध्ये दोन अक्षरांनी लिहिला जाणारा 'ध' देवनागरीत एकच वर्ण आहे आणि काना व्यंजनाला चिकटून राहतो. म्हणजे हे नाव ज्या लिपीत घडले त्याच लिपीत ते उलगडते. भारतीय पित्याचे नाव आणि परदेशी कानाला अपरिचित व म्हणून आकर्षक वाटणारा ध्वनी, या दोहोंचा मेळ त्यात घातला आहे. निर्यातीसाठी तो चतुर आहे यात शंका नाही. तथापि, हेच तंत्र देशी बाजारासाठी चहा विकणाऱ्या नव्या कंपनीने उचलले, तर तिच्या नावातील ओळख तिच्याच ग्राहकाला वाचता येणार नाही. नाव कोणत्या लिपीत जन्माला येते, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक नाही. देवनागरीत आधी लिहून पाहिलेले नाव आणि रोमनमध्ये ठरवून नंतर देवनागरीत उतरविलेले नाव यांतील फरक पुड्याच्या दर्शनी भागावर लगेच दिसून येतो. दुसऱ्या प्रकारात मराठी अक्षरे बहुधा कोपऱ्यात, बारीक ठशात आणि परक्या वळणाची असतात.

४. एका कपातील वाघ आणि बकरी

बोधचिन्हाचे सामर्थ्य कशात असते, हे पाहण्यासाठी 'वाघ बकरी'इतके समर्पक भारतीय उदाहरण क्वचितच सापडेल. कंपनीने सांगितलेल्या इतिहासानुसार तिचे संस्थापक नारणदास देसाई यांचा दक्षिण आफ्रिकेत चहाचा व्यवसाय होता. वर्णभेदाचा अनुभव घेऊन, गांधीजींचे प्रशस्तिपत्र सोबत आणून ते १९१५ मध्ये भारतात परतले; १९१९ मध्ये अहमदाबादेत त्यांनी गुजरात टी डेपो सुरू केला आणि १९३४ मध्ये एकाच कपातून चहा पिणारे वाघ व बकरी हे चिन्ह स्वीकारले गेले.

वाघ आणि शेळी एका पाणवठ्यावर पाणी पितात, हा वाक्प्रयोग मराठीतही परिचित आहे. परंतु त्याचा रूढ अर्थ राजाच्या दराऱ्याशी निगडित आहे. वाघ शेळीला खात नाही, कारण वर धाक असतो. बोधचिन्हाने यातील राजा काढून टाकला आणि पाणवठ्याच्या जागी कप ठेवला. या एका बदलाने अर्थ पालटला. आता दोघांना एकत्र आणणारी गोष्ट भय नसून चहा आहे.

हा कप भारतीय समाजात साधी वस्तू नव्हता, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी दिलेला चहा प्रतिष्ठित मंडळींनी घेतला, म्हणून मोठे ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही त्याची झळ पोहोचली व प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. पुढील काळात गावोगावच्या हॉटेलांतून दलितांसाठी बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपबशीचे उल्लेख मराठी दलित आत्मकथनांत आलेले आहेत. चहा सर्वांचा झाला तरी कप सर्वांचा झाला नव्हता. या पार्श्वभूमीवर 'एकच कप' हे चित्र म्हणजे चवीविषयीचे नव्हे, तर चहा पिण्याच्या रीतीविषयीचे विधान ठरते.

या चिन्हाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वाघ आणि बकरी यांच्यातील विषमता निसर्गदत्त आहे; माणसांमधील विषमता माणसांनी निर्माण केलेली आहे. दुसरीला पहिलीचे रूपक दिले की तीही स्वाभाविक भासू लागण्याचा धोका असतो. तरीही हे चिन्ह टिकले, याचे श्रेय त्यातील नेमकेपणाला द्यावे लागेल. त्यात मळा नाही, पान नाही, वाफही नाही. चहा कोठून आला याविषयी ते मौन पाळते. तो कोणी कोणाबरोबर प्यावा याविषयी बोलते, आणि पिणाऱ्याला ते विधान स्वतःच्या घरात व दुकानात पडताळून पाहता येते.

५. चित्र आणि ऐवज

आता प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या नेहमीच्या चित्रांकडे वळू. त्यांपैकी सर्वाधिक रूढ चित्र म्हणजे दोन पाने आणि एक कळी. चांगल्या खुडणीचे ते खरोखरच परिमाण आहे. परंतु भारतात घरोघरी प्याला जाणारा चहा बहुतांशी सीटीसी पद्धतीचा असतो. १९३० च्या दशकात आसाममध्ये आकाराला आलेल्या या पद्धतीत दाते असलेल्या रुळांमधून पाने चिरडली, फाडली व वळली जातात आणि त्यांचे बारीक दाणे बनतात. दाण्याचा चहा दुधात उकळल्यावर लवकर रंग देतो, कडक होतो आणि कमी प्रमाणात पुरतो. त्यात उणे काहीच नाही. मग पुड्यावर दाणा का दिसत नाही? पान हे ताजेपणाचे आणि दाणा हा कारखान्याचे चिन्ह ठरला आहे, हेच त्याचे उत्तर. ग्राहक रोज चमच्यात जे पाहतो ते वेष्टनाला दाखवावेसे वाटत नाही.

डोंगरउताराच्या चित्राची स्थितीही अशीच आहे. देशातील सुमारे निम्मा चहा आसाममध्ये होतो, आणि आसामचे मळे मुख्यतः ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील सपाट जमिनीवर, सावलीच्या झाडांखाली पसरलेले आहेत. धुक्यातील उतार हे दार्जिलिंगचे वा मुन्नारचे दृश्य होय. देशाच्या एकूण उत्पादनात दार्जिलिंगचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. शिवाय, देशातील सुमारे निम्मे उत्पादन आज छोट्या उत्पादकांच्या शेतांतून येते. हे शेतकरी आपली हिरवी पाने इतरांच्या कारखान्यांना विकतात. म्हणजे एकाच विस्तीर्ण, रेखीव मळ्याचे चित्र पुड्यातील मालाशी दुहेरी विसंगत असते. त्यातील जमीन बहुधा वेगळी आणि मालकीची रीतही वेगळी.

चित्राने ऐवजाची जागा घेण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र वेष्टनाचे नसून भित्तिपत्रकाचे आहे. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या निधीतून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३७ पासून हे काम 'इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड' या संस्थेकडे होते. या संस्थेसाठी अन्नदा मुन्शी या बंगाली संकल्पकाने १९४७ मध्ये केलेल्या भित्तिपत्रकात चरख्यावर सूत काढणारी स्त्री असून जवळ चहाचा कप आहे, आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचा दावा आहे. रेखाटन म्हणून ते सुंदर आहे. पण गांधीजींचा चहापानाला विरोध होता, हे सर्वश्रुत आहे; त्यांच्याच चरख्याशेजारी चहाचा कप मांडण्यात मोठे धाडस होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या वेळी बहुसंख्य मोठे मळे युरोपीय कंपन्यांच्या हाती होते. चहा भारतीय मातीत, भारतीय हातांनी पिकतो, हे खरे. तो स्वदेशी भांडवलाचा होता, हे खरे नव्हे. 'स्वदेशी' या शब्दातील हे दोन अर्थ चित्राने एक करून टाकले. आणि ते साधण्यासाठी चहा खुडणाऱ्या मजूर स्त्रीच्या जागी सूत काढणारी स्त्री बसविली. जिच्या श्रमावर दावा उभा होता, तीच चित्रातून बाहेर गेली.

ज्या पत्रकांत आणि पुड्यांवर ती आत राहिली, तेथेही तिची स्थिती फारशी वेगळी नाही. मुल्कराज आनंद यांनी १९३७ च्या आपल्या इंग्रजी कादंबरीला 'टू लीव्ज अँड अ बड' हे नाव दिले. आसामच्या मळ्यातील मजुरांच्या यातनांची ती कहाणी आहे. एकच चिन्ह कादंबरीत शोषणाचे आणि पुड्यावर प्रसन्नतेचे प्रतीक ठरते. एक किलो चहासाठी सुमारे साडेचार किलो हिरवी पाने खुडावी लागतात आणि हे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात. २०२३ मध्ये आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात मळेमजुरांची दैनिक रोख मजुरी वाढवून २५० रुपये करण्यात आली. पुड्यावरील हसऱ्या स्त्रीकडे पाहताना हा आकडा ग्राहकाला माहीत असावा, अशी अपेक्षा वेष्टन करीत नाही. किंबहुना तो मनात येऊ नये अशीच तिची मांडणी असते.

६. दार्जिलिंगचे चिन्ह : उत्तरदायी चित्र

टोपलीवाल्या स्त्रीचे एक चित्र मात्र या सर्वांहून वेगळे आहे. चहा मंडळाने १९८३ मध्ये दार्जिलिंग चहासाठी एक वर्तुळाकार चिन्ह तयार करविले. त्यात हातात चहाची पाने धरलेल्या स्त्रीची बाजूने दिसणारी आकृती आहे. प्रथमदर्शनी हेही नेहमीचेच चित्र. पण ते कोणालाही वापरता येत नाही. ठरावीक क्षेत्रातील, नोंदलेल्या मळ्यांचा चहा असेल आणि चहा मंडळाचा परवाना असेल, तरच ते पुड्यावर छापता येते. २००४ मध्ये 'दार्जिलिंग' हे नाव व हे चिन्ह यांना भारतातील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. २०११ मध्ये युरोपीय संघानेही त्या नावाला संरक्षण दिले. म्हणजे या चित्रामागे उत्तर देणारी संस्था आहे, नियम आहेत आणि तपासणी आहे. चित्र खोटे ठरले तर दाद मागता येते. रूपाच्या दृष्टीने सामान्य असलेले हे चिन्ह विधान म्हणून असामान्य आहे, असे म्हणावे लागेल.

याच्याही मर्यादा आहेत. कोलकात्यातील एका तारांकित हॉटेलाने आपल्या दालनाला 'दार्जिलिंग लाउंज' असे नाव दिले, तेव्हा चहा मंडळाने दावा लावला. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो फेटाळला. चहाच्या मालाला मिळालेले संरक्षण त्या नावाच्या प्रतिष्ठेपर्यंत आपोआप पोहोचत नाही. आणि दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. हे चिन्ह चहाच्या स्थळाची हमी देते. त्यात जिचे चित्र आहे तिच्या मजुरीची, घराची वा आरोग्याची हमी देत नाही. मळ्याची खूण म्हणून तिची आकृती वापरली गेली. साक्षीदार म्हणून तिला बोलावलेले नाही.

७. पुड्याची मागची बाजू

आतापर्यंतचा विचार दर्शनी बाजूचा झाला. वेष्टनाची मागची बाजू संकल्पकांच्या दृष्टीने उपेक्षित असते. कायद्याने सांगितलेला मजकूर बसविण्याची ती जागा मानली जाते. वस्तुतः हॉर्निमनच्या पुडीचा वारसा याच बाजूने जपला आहे. २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आवेष्टित वस्तूवर उत्पादकाचे वा वेष्टनकाराचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला काव्य आणि मागच्या बाजूला जबाबदारी, अशी ही विभागणी झाली आहे.

कायदा जे विचारत नाही तेही लक्षात घेतले पाहिजे. सामान्य मिश्र चहाच्या पुड्यावर मळ्याचे नाव, प्रदेशांचे प्रमाण अथवा खुडणीचा हंगाम सांगण्याचे बंधन नाही. पुड्यावरील महिना बहुधा वेष्टनाचा असतो, खुडणीचा नसतो. लिलावातून निरनिराळ्या ठिकाणचा माल घेऊन, चाखून, त्याचे मिश्रण करणे हे कंपनीचे खरे कौशल्य. हवामान आणि हंगाम बदलला तरी पुड्याची चव तीच ठेवणे हे सोपे काम नाही. नवल असे की, या कौशल्याचे चित्र चहाच्या पुड्यावर जवळजवळ कधीच नसते. जो माणूस दररोज शेकडो पेल्यांतून घोट घेऊन मिश्रण ठरवितो, त्याच्या जिभेवर कंपनी उभी असते. पुड्यावर मात्र ज्या मळ्याशी तिचा थेट संबंध नसतो तो मळा येतो.

८. नव्या वेष्टनासाठी निकष

वरील विवेचनावरून नव्या चहाकंपनीच्या वेष्टनाची परीक्षा करण्यासाठी चार प्रश्न सुचविता येतील. एक, दर्शनी चित्र आतील मालाशी जुळते काय? दाण्याचा चहा असेल तर दाणा दाखविण्यास संकोच का वाटावा? दोन, नाव ज्या ग्राहकासाठी आहे त्याच्या लिपीत ते आधी उभे राहते काय, आणि अक्षरे न वाचणाऱ्यालाही पुडा ओळखता येतो काय? तीन, जबाबदारी घेणाऱ्याचे नाव दर्शनी बाजूस वाचता येईल अशा ठशात आहे काय? चार, श्रम करणाऱ्या माणसाचे चित्र वापरले असेल तर त्याच्याविषयी पडताळता येईल अशी एक तरी गोष्ट पुड्यावर सांगितली आहे काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास ते चित्र काढून टाकणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

या निकषांवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मिश्रण दर हंगामात बदलते. त्याचा तपशील छापणे परवडणारे नाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु प्रदेशांची नावे आणि हंगाम एवढे तरी वेष्टनाच्या तारखेप्रमाणेच दर खेपेस शिक्क्याने उमटविता येतात. एकेका मळ्याचा चहा विकणाऱ्या कंपन्या पुड्यावर मळ्याचे नाव आणि खुडणीचा काळ देऊ लागल्या आहेत, यावरून ते अशक्य नाही हे दिसते. मात्र असा पुडा महाग असतो. खरे सांगण्याची सोय केवळ श्रीमंत ग्राहकापुरती राहावी आणि पाच-दहा रुपयांची पुडी घेणाऱ्याला डोंगराचे चित्र मिळावे, ही विभागणी समीक्षकाने मान्य करता कामा नये.

दुसरा आक्षेप संकल्पकाच्या स्थानाविषयी आहे. तो कंपनीचा सेवक. माल, मजुरी आणि मिश्रण यांवर त्याचा अधिकार नाही, मग त्याला जबाबदार कसे धरावे? हे म्हणणे अंशतः खरे आहे. तो मजुरी ठरवीत नाही. पण मजुरीचा विचार मनात येऊ न देणारे चित्र तोच रेखाटतो. काय दाखवावे याचा आदेश त्याला वरून मिळत असला तरी 'आत नेमके काय आहे' हा प्रश्न कंपनीला पहिल्यांदा विचारण्याची संधी त्याच्याकडेच असते. नव्या कंपनीत तर नाव ठरण्यापूर्वीच तो बैठकीत असतो. त्या वेळी विचारलेला प्रश्न पुढे पुड्यावर दिसतो.

९. समारोप

चहाची बंद पुडी भेसळीला उत्तर म्हणून आली आणि तिने दुकानदाराचा चेहरा हटवून त्या जागी एक छापील नाव ठेवले. कालांतराने त्या नावापुढे मळा, डोंगर, चरखा आणि टोपलीवाली स्त्री उभी राहिली आणि जबाबदारी मागच्या बाजूस बारीक अक्षरांत गेली. वाघ बकरीचे चिन्ह आणि दार्जिलिंगची मुद्रा ही दोन उदाहरणे दाखवितात की, चित्र पडताळण्याजोगे विधान करू शकते; पहिले व्यवहारातून आणि दुसरे कायद्यातून. यांपैकी कोणतीही एक वाट नव्या कंपनीला खुली आहे.

उपयोजित कलेच्या वर्गातील त्या स्वाध्यायात म्हणूनच एक लहानशी भर घालावीशी वाटते. विद्यार्थ्याने रंग व ठसा निवडण्यापूर्वी सुट्या चहाच्या दुकानात जावे, चहा तळहातावर घ्यावा, तो कोठला आणि कसा बनतो हे विचारावे, आणि मिळालेली उत्तरे टिपून मगच कागदापुढे बसावे. दुकानदाराने ज्या प्रश्नांची उत्तरे दिली, त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार झालेल्या पुड्यावर सापडते काय, हे तपासून त्या स्वाध्यायाला गुण द्यावेत.